टूर चॅम्पियनशिप

टूर चॅम्पियनशिप ही अमेरिकेतील पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या मुख्य हंगामाची सांगता करणारी वार्षिक स्पर्धा आहे. तिची सुरुवात १९८७ साली झाली. वर्षभराच्या कामगिरीनुसार गुणवत्ता यादीत पहिल्या ३० क्रमांकांत येणाऱ्या खेळाडूंनाच तिच्यात प्रवेश मिळतो. २००४ पासून ही स्पर्धा दरवर्षी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथील ईस्ट लेक गोल्फ क्लबच्या मैदानावर खेळवली जाते. २००७ पासून ती फेडेक्स चषक या हंगामभर चालणाऱ्या गुणस्पर्धेचा अंतिम टप्पा आहे.

वर्षभर उत्तम खेळणारा आणि शेवटच्या चार दिवसांत सर्वोत्तम खेळणारा यांपैकी खरा विजेता कोणाला मानावे, हा प्रश्न या स्पर्धेच्या इतिहासात सतत पुढे येत राहिला आहे. १९८७ पासून स्पर्धेच्या नियमांत झालेले बहुतेक मोठे बदल याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातून झाले आहेत.

स्वरूप

गोल्फमध्ये खेळाडू ठरावीक जागेवरून चेंडू मारण्यास आरंभ करतो आणि शक्य तितक्या कमी फटक्यांत तो दूरवरच्या लहान खळग्यात पोहोचवतो. या खळग्याला होल म्हणतात. एका मैदानावर असे १८ होल असतात. प्रत्येक होलसाठी निष्णात खेळाडूस लागणाऱ्या फटक्यांची अपेक्षित संख्या आधी ठरवलेली असते. तिला पार असे नाव आहे. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास बर्डी आणि एक जास्त लागल्यास बोगी होते. १८ होलांची एक फेरी होते. व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार दिवस, म्हणजे चार फेऱ्या व ७२ होल चालते. सर्वांत कमी फटके घेणारा विजयी ठरतो.

बहुतेक स्पर्धांत शंभराहून अधिक खेळाडू उतरतात आणि दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना वगळले जाते. टूर चॅम्पियनशिपमध्ये असे वगळणे नसते. ३० जणांपैकी प्रत्येकजण चारही फेऱ्या खेळतो व प्रत्येकाला बक्षिसाची रक्कम मिळते. या स्पर्धेतील मुख्य चुरस त्यामुळे ती सुरू होण्याआधीच चालू झालेली असते. यादीत तिसाव्या आणि एकतिसाव्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूंमध्ये अनेकदा एखाद्या फटक्याइतकेच अंतर असते, पण त्याचे परिणाम दूरगामी ठरतात. पहिल्या ३० जणांना मास्टर्स, यूएस ओपन आणि द ओपन या प्रमुख स्पर्धांची दारे सहसा थेट उघडतात. एकतिसाव्या खेळाडूस तोच प्रवेश अन्य मार्गांनी मिळवावा लागतो.

आरंभीचा काळ (१९८७ ते १९९०)

पहिली स्पर्धा १९८७ साली टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथील ओक हिल्स कंट्री क्लबवर झाली. खाद्यपदार्थ बनविणारी नाबिस्को ही कंपनी तिची प्रायोजक असल्याने स्पर्धेस नाबिस्को चॅम्पियनशिप्स असे नाव होते. एकूण बक्षीस २० लाख डॉलर होते. विजेता टॉम वॉटसन याला ३ लाख ६० हजार डॉलर मिळाले. वॉटसनने १९८४ नंतर पीजीए टूरवर एकही स्पर्धा जिंकली नव्हती.

त्या काळी वर्षाचा मानकरी मिळकतीवरून ठरत असे. हंगामात बक्षिसांतून सर्वाधिक रक्कम मिळवणारा खेळाडू यादीत पहिला येई. अखेरच्या स्पर्धेचे बक्षीस मोठे असल्याने ही यादी शेवटच्या दिवशीही बदलू शकत होती. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे कर्टिस स्ट्रेंज आणि टॉम काइट यांची बरोबरी झाली. जादा होलच्या निर्णायक खेळात स्ट्रेंज विजयी झाला. या विजयामुळे एका हंगामात १० लाख डॉलरपेक्षा अधिक बक्षीस मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी साउथ कॅरोलायनातील हार्बर टाउन येथे काइटने पेन स्टुअर्टला अशाच निर्णायक खेळात हरवले आणि मिळकतीच्या यादीतही अव्वल स्थान मिळवले. या दोन्ही वर्षी स्पर्धेचा विजेता व हंगामाचा मानकरी एकच होता.

फिरती स्पर्धा ते कायमचे मैदान (१९९१ ते २००६)

१९९१ पासून स्पर्धेस टूर चॅम्पियनशिप हे नाव मिळाले. पहिल्या दशकात तिला स्थिर ठिकाण नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट क्रमांक २, सॅन फ्रान्सिस्कोतील ऑलिंपिक क्लब आणि ओक्लाहोमातील टल्सा येथील सदर्न हिल्स या नामांकित मैदानांवर ती प्रत्येकी दोन वर्षे झाली. १९९७ पासून ह्यूस्टनमधील चॅम्पियन्स गोल्फ क्लब आणि अटलांटातील ईस्ट लेक यांच्यात ती आळीपाळीने होऊ लागली. २००४ पासून ती ईस्ट लेक येथे स्थिरावली.

१९९९ च्या स्पर्धेवर शोककळा पसरली होती. त्याच वर्षी जूनमध्ये यूएस ओपन जिंकणारा पेन स्टुअर्ट टूर चॅम्पियनशिपसाठी पात्र ठरला होता. स्पर्धेच्या आठवड्यातच, २५ ऑक्टोबर १९९९ रोजी, तो प्रवास करीत असलेल्या छोट्या विमानातील हवेचा दाब नाहीसा झाला आणि ते साउथ डकोटा राज्यात कोसळले. त्यात स्टुअर्टसह विमानातील सर्वांचा मृत्यू झाला. सहकाऱ्यांना शुक्रवारी ऑरलँडो येथील श्रद्धांजली सभेस जाता यावे म्हणून त्या दिवशी खेळ ठेवला नाही. त्याऐवजी गुरुवारी व शनिवारी प्रत्येकी २७ होल खेळवून वेळापत्रक पूर्ण केले गेले. ती स्पर्धा टायगर वूड्सने जिंकली. पीजीए टूर तेव्हापासून स्टुअर्टच्या नावाने एक वार्षिक पुरस्कार देते. चारित्र्य, दानशूरता व खिलाडूवृत्ती यांसाठी असलेला हा पुरस्कार टूर चॅम्पियनशिपच्या आठवड्यात प्रदान करण्यात येतो.

पहिली १४ वर्षे प्रत्येक विजेता अमेरिकन होता. २००१ मध्ये कॅनडाचा माइक विअर जिंकला आणि ही परंपरा खंडित झाली. पुढे फिजीचा विजय सिंग (२००२), दक्षिण आफ्रिकेचा रेटीफ गूसन (२००४) आणि ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅडम स्कॉट (२००६) हे विजेते झाले.

या काळाच्या अखेरीस स्पर्धेचे एक दुर्बळ अंग उघड झाले. हंगामातील महत्त्वाच्या स्पर्धा उन्हाळ्यात संपत. टूर चॅम्पियनशिप मात्र ऑक्टोबर अखेरीस किंवा नोव्हेंबरात होई. तोवर मिळकतीच्या यादीतील पहिला क्रमांक अनेकदा निश्चित झालेला असे आणि अमेरिकन प्रेक्षकांचे लक्ष त्यांच्याकडील फुटबॉलकडे वळलेले असे. २००६ मध्ये टायगर वूड्स आणि फिल मिकेलसन हे त्या वेळचे दोन सर्वांत लोकप्रिय खेळाडू पात्र असूनही स्पर्धेस आले नाहीत. आघाडीच्या खेळाडूंनाच अनिवार्य न वाटणारी स्पर्धा हंगामाचा कळस कशी ठरणार, असा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला.

फेडेक्स चषक आणि दोन विजेत्यांचा पेच (२००७ ते २०१८)

या परिस्थितीवर उपाय म्हणून पीजीए टूरने २००७ पासून फेडेक्स चषक सुरू केला. वर्षभर प्रत्येक स्पर्धेत क्रमांकानुसार गुण मिळू लागले. हंगामाच्या अखेरीस चार प्लेऑफ स्पर्धांची मालिका आली. तिच्यात टप्प्याटप्प्याने खेळाडूंची संख्या घटत जाई आणि शेवटी टूर चॅम्पियनशिपसाठी ३० जण उरत. चषकाच्या मानकऱ्याला १ कोटी डॉलरचे बक्षीस ठेवण्यात आले. पहिल्या वर्षी ही रक्कम हातात न देता निवृत्तिनिधीत जमा केली गेली. २००७ मध्ये वूड्सने टूर चॅम्पियनशिप आठ फटक्यांच्या फरकाने जिंकून चषकही मिळवला.

दुसऱ्याच वर्षी योजनेतील दोष दिसला. विजय सिंगने प्लेऑफमधील पहिल्या दोन स्पर्धा जिंकून इतके गुण मिळवले की अटलांटात चार फेऱ्या पूर्ण करणे एवढेच त्याच्यासाठी उरले होते. टूर चॅम्पियनशिप कोलंबियाच्या कामिलो विजेगासने जिंकली, चषक मात्र सिंगकडे गेला. चषकापुरती अंतिम स्पर्धा निरर्थक ठरली होती.

त्यामुळे २००९ पासून अंतिम स्पर्धेपूर्वी सर्वांच्या गुणांची फेरमांडणी होऊ लागली. पहिल्या पाच क्रमांकांतील खेळाडूने टूर चॅम्पियनशिप जिंकल्यास चषक त्याचाच होई. तिसाव्या क्रमांकावरील खेळाडूलाही चषकाची शक्यता राहिली, परंतु त्यासाठी स्वतः जिंकण्याबरोबरच वरच्यांनी बरेच मागे पडणे आवश्यक होते. अंतिम दिवशी एकाच वेळी दोन हिशेब चालत: एक फटक्यांचा आणि दुसरा गुणांचा. २०११ मध्ये बिल हासने हंटर मेहनविरुद्धच्या निर्णायक खेळात तळ्याच्या काठाशी पाण्यात अर्धवट बुडालेला चेंडू अचूक बाहेर काढला आणि तो विजयी झाला. या विजयाने चषकही मिळाला आहे, हे त्याला खेळ संपल्यानंतर कळले.

पुढील दोन प्रसंगांनी हा पेच अधिक ठळक केला. २०१७ मध्ये झँडर शॉफलीने अखेरच्या होलवर बर्डी करून स्पर्धा एका फटक्याने जिंकली. पहिल्याच हंगामात टूर चॅम्पियनशिप जिंकणारा तो पहिला खेळाडू होय. दुसरा आलेला जस्टिन थॉमस मात्र चषक घेऊन गेला. २०१८ मध्ये पाठीच्या अनेक शस्त्रक्रियांनंतर परतलेल्या टायगर वूड्सने पाच वर्षांत प्रथमच विजय मिळवला. पीजीए टूरवरील त्याचा तो ८० वा विजय होता. अठराव्या होलकडे जाताना हजारो प्रेक्षक दोऱ्या ओलांडून त्याच्यामागे चालू लागले. त्याच होलवर बर्डी करून जस्टिन रोझने त्या वर्षीचा फेडेक्स चषक व १ कोटी डॉलर निश्चित केले. मैदानावरचा सारा जल्लोष वूड्ससाठी होता. हंगामाचा अधिकृत मानकरी मात्र रोझ होता.

प्रारंभिक फटक्यांची पद्धत (२०१९ ते २०२४)

दोन विजेते टाळण्यासाठी २०१९ मध्ये मूलगामी बदल झाला. गुणांचे रूपांतर थेट फटक्यांच्या आघाडीत करण्यात आले. यादीत पहिला असलेला खेळाडू पारपेक्षा १० फटके कमी, या आघाडीसह स्पर्धेस प्रारंभ करू लागला. दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ७, चौथ्याला ६ आणि पाचव्याला ५ फटक्यांची सवलत होती. त्यापुढील प्रत्येक पाच जणांच्या गटास अनुक्रमे ४, ३, २ व १ फटका मिळे. शेवटचे पाच जण सवलतीविना खेळत. चार दिवसांनंतर ज्याची बेरीज सर्वांत कमी, तोच स्पर्धेचा व चषकाचा एकमेव विजेता ठरे. त्याच वर्षी प्लेऑफ स्पर्धा चारवरून तीनवर आणल्या गेल्या व टूर चॅम्पियनशिप ऑगस्टअखेरीस होऊ लागली. चषकाचे बक्षीस १.५ कोटी डॉलर झाले. ते २०२२ मध्ये १.८ कोटी आणि २०२४ मध्ये २.५ कोटी डॉलरवर गेले.

या पद्धतीने हिशेब सोपा झाला, पण गोल्फच्या मूळ तत्त्वास तिने धक्का दिला. या खेळात सर्वजण शून्यापासून आरंभ करतात व मैदानावर मारलेला प्रत्येक फटका सारख्या मोलाचा असतो. सवलत बाजूला ठेवून केवळ मैदानावरील फटके मोजले, तर सहापैकी तीन वर्षी सर्वांत कमी फटके घेणाऱ्याला विजेतेपद मिळाले नाही, असे दिसते. २०२० मध्ये डस्टिन जॉन्सन विजेता ठरला. प्रत्यक्षात शॉफलीला त्याच्यापेक्षा चार फटके कमी लागले होते. २०२१ मध्ये पॅट्रिक कँटले जिंकला. जॉन राह्म व केविन ना यांनी त्याच्याहून तीन फटके कमी घेतले होते. २०२४ मध्ये स्कॉटी शेफलरने चषक मिळवला. कॉलिन मोरिकावाचे फटके त्याच्यापेक्षा दोनने कमी होते. जागतिक क्रमवारीचे गुण देताना सवलतीचे फटके धरले जात नसत. एकाच स्पर्धेचे दोन निकाल त्यामुळे कागदोपत्री राहिलेच.

दुसरीकडे, मागून येणाऱ्यास संधी असते हेही याच काळात दिसले. २०२२ मध्ये रोरी मॅकिलरॉय शेफलरपेक्षा सहा फटके मागे राहून सुरुवात करीत होता आणि पहिल्याच होलवर त्याने पारपेक्षा तीन फटके अधिक घेतले. शेवटच्या फेरीच्या आरंभीही तो सहा फटके मागे होता. तरीही तो एका फटक्याने जिंकला आणि तीन वेळा फेडेक्स चषक मिळवणारा पहिला खेळाडू झाला.

२०२५ मधील बदल

खेळाडूंची नापसंती वाढत गेली. सवलतीचा सर्वाधिक लाभ ज्याला झाला त्या शेफलरनेही या पद्धतीवर उघड टीका केली होती. २०२५ पासून प्रारंभिक फटके रद्द करण्यात आले. ३० जणांनी समान पातळीवर आरंभ करावा आणि ७२ होलांनंतर जो जिंकेल त्यालाच फेडेक्स चषक मिळावा, असा नियम झाला. वर्षभराच्या कामगिरीसाठीच्या बक्षिसांचा मोठा भाग अंतिम स्पर्धेपूर्वीच्या क्रमवारीवर वाटला जाऊ लागला आणि अंतिम विजेत्याची रक्कम १ कोटी डॉलर ठेवण्यात आली.

नव्या नियमांखालील पहिली स्पर्धा इंग्लंडच्या टॉमी फ्लीटवूडने जिंकली. पारपेक्षा १८ फटके कमी घेऊन त्याने कँटले व रसेल हेन्ली यांना तीन फटक्यांनी मागे टाकले. युरोपात अनेक विजय मिळवलेल्या फ्लीटवूडला पीजीए टूरवर तोवर एकही स्पर्धा जिंकता आली नव्हती. हा त्याचा तेथील पहिला विजय १६४ व्या स्पर्धेत आला. सर्वांना समान आरंभ मिळाला, परंतु हंगामभर एकही विजय नसलेला खेळाडू हंगामाचा मानकरी होऊ शकतो, हेही याच निकालाने दाखवून दिले.

ईस्ट लेक

ईस्ट लेक हे अटलांटातील सर्वांत जुने गोल्फ मैदान असून त्याचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला आहे. पुढे प्रसिद्ध रचनाकार डोनाल्ड रॉस याने त्याची फेरआखणी केली. १९३० साली त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकणारा हौशी खेळाडू बॉबी जोन्स (१९०२–१९७१) याच मैदानावर लहानाचा मोठा झाला. टूर चॅम्पियनशिपच्या विजेत्याला जोन्सच्या ‘कॅलॅमिटी जेन’ या पटरची चांदीची प्रतिकृती देण्यात येते. पटर म्हणजे होलजवळ चेंडू हलकेच ढकलण्याची काठी.

१९६० च्या दशकापासून या परिसराला उतरती कळा लागली. श्वेतवर्णीय कुटुंबे उपनगरांकडे गेली व मूळ क्लबही दुसरीकडे हलला. १९७० मध्ये मैदानाच्या शेजारी ईस्ट लेक मेडोज ही ६५० घरांची सरकारी वसाहत उभी राहिली. निकृष्ट बांधकाम, दुर्लक्षित देखभाल व दारिद्र्य यांमुळे ती लवकरच गुन्हेगारीसाठी कुप्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये अटलांटातील बांधकाम व्यावसायिक टॉम कझिन्स याच्या कौटुंबिक प्रतिष्ठानने मैदान विकत घेतले. मैदानाचा जीर्णोद्धार करून त्याचे उत्पन्न आसपासच्या वस्तीच्या उभारणीस वापरावे, अशी त्याची कल्पना होती. १९९५ मध्ये ईस्ट लेक फाउंडेशनची स्थापना झाली. जुनी वसाहत पाडून तेथे ५४२ नवी घरे बांधण्यात आली. त्यांतील निम्मी घरे अल्प उत्पन्न गटासाठी व निम्मी बाजारभावाने भाड्याने देण्यासाठी होती. २००० मध्ये चार्ल्स ड्रू या नावाची शाळा सुरू झाली. टूर चॅम्पियनशिपच्या उत्पन्नाचा काही भाग या कार्यास मिळतो.

गुन्हेगारीतील घट आणि शाळेचा दर्जा यांसाठी या प्रयोगाचा पुष्कळ गौरव झाला व अमेरिकेतील इतर शहरांत त्याचे अनुकरण झाले. त्याचबरोबर त्यावर आक्षेपही आहेत. नवी घरे संख्येने कमी होती आणि त्यांतील निम्मीच गरिबांसाठी असल्याने जुन्या रहिवाशांपैकी थोडेच परत येऊ शकले. वस्ती सुधारली, पण ज्यांच्यासाठी ती सुधारायची होती ते बहुतांशी अन्यत्र गेले, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ईस्ट लेक मेडोज’ या अनुबोधपटात तेथील जुन्या रहिवाशांनी आपली कहाणी सांगितली आहे.

भारत, महाराष्ट्र आणि हंगामअखेरच्या स्पर्धा

भारतात गोल्फ फार पूर्वीच आला. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब मानला जातो. तथापि टूर चॅम्पियनशिपच्या पहिल्या तिसांत पोहोचणे भारतीय खेळाडूंना अवघड गेले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये आसनसोलचा अर्जुन अटवाल पीजीए टूरची स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय ठरला, पण त्या वेळी त्याच्याकडे टूरचे सदस्यत्व नसल्याने त्याला प्लेऑफ खेळता आले नाहीत. पुण्यात १९८७ मध्ये जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये आशियाई टूरचा अव्वल खेळाडू झाला आणि नंतर अनेक वर्षे अमेरिकेत खेळला. त्यालाही अंतिम तिसांत स्थान मिळाले नाही. भारतीय वंशाच्या खेळाडूंची कामगिरी मात्र लक्षणीय आहे. फिजीत जन्मलेल्या विजय सिंगने २००२ मध्ये ही स्पर्धा व २००८ मध्ये चषक जिंकला. अमेरिकेचा साहित थेगाला २०२४ मध्ये तिसरा आला व त्याला ७५ लाख डॉलर मिळाले. अक्षय भाटिया हाही या स्पर्धेत खेळला आहे.

हंगामअखेरच्या स्पर्धेत भारतीयाने मिळवलेले सर्वांत गाजलेले यश युरोपातील आहे. युरोपियन टूरची अखेरची स्पर्धा १९८८ ते २००८ या काळात व्होल्वो मास्टर्स या नावाने स्पेनमध्ये होत असे. २००६ मध्ये व्हाल्देरामा येथे चंडीगडच्या जीव मिल्खा सिंगने ती एका फटक्याने जिंकली. त्याच दिवशी सर्जिओ गार्सियाने शेवटच्या होलवर बोगी केल्याने पॅड्रिग हॅरिंग्टन संयुक्त दुसऱ्या स्थानावर आला आणि युरोपच्या वार्षिक यादीत पहिला ठरला. स्पर्धेचा विजेता एक आणि वर्षाचा मानकरी दुसरा, ही स्थिती तेथेही होती. २००९ पासून युरोपचा हंगाम दुबईत संपतो.

भारतात प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया ही संघटना २००६ मध्ये स्थापन झाली. तिची हंगामअखेरची टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप जमशेदपूर येथील बेलडीह व गोलमुरी या दोन मैदानांवर खेळवली जाते. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या उदयन माने याने ती जिंकली. माने व लाहिरी हे दोघेही पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळले.

विजेत्यांची सूची

नाबिस्को चॅम्पियनशिप्स
१९८७ – टॉम वॉटसन (ओक हिल्स)
१९८८ – कर्टिस स्ट्रेंज (पेबल बीच)
१९८९ – टॉम काइट (हार्बर टाउन)
१९९० – जोडी मड (चॅम्पियन्स)

टूर चॅम्पियनशिप
१९९१ – क्रेग स्टॅडलर (पाइनहर्स्ट)
१९९२ – पॉल एझिंगर (पाइनहर्स्ट)
१९९३ – जिम गॅलघर, धाकटा (ऑलिंपिक क्लब)
१९९४ – मार्क मॅकंबर (ऑलिंपिक क्लब)
१९९५ – बिली मेफेअर (सदर्न हिल्स)
१९९६ – टॉम लेहमन (सदर्न हिल्स)
१९९७ – डेव्हिड डुव्हाल (चॅम्पियन्स)
१९९८ – हॅल सटन (ईस्ट लेक)
१९९९ – टायगर वूड्स (चॅम्पियन्स)
२००० – फिल मिकेलसन (ईस्ट लेक)
२००१ – माइक विअर (चॅम्पियन्स)
२००२ – विजय सिंग (ईस्ट लेक)
२००३ – चॅड कॅम्पबेल (चॅम्पियन्स)
२००४ – रेटीफ गूसन (येथून पुढे सर्व ईस्ट लेक)
२००५ – बार्ट ब्रायंट
२००६ – अ‍ॅडम स्कॉट

फेडेक्स चषकाच्या काळातील विजेते
२००७ – टायगर वूड्स
२००८ – कामिलो विजेगास (चषक: विजय सिंग)
२००९ – फिल मिकेलसन (चषक: टायगर वूड्स)
२०१० – जिम फ्युरिक
२०११ – बिल हास
२०१२ – ब्रँट स्नेडेकर
२०१३ – हेन्रिक स्टेन्सन
२०१४ – बिली हॉर्शेल
२०१५ – जॉर्डन स्पीथ
२०१६ – रोरी मॅकिलरॉय
२०१७ – झँडर शॉफली (चषक: जस्टिन थॉमस)
२०१८ – टायगर वूड्स (चषक: जस्टिन रोझ)
२०१९ – रोरी मॅकिलरॉय
२०२० – डस्टिन जॉन्सन
२०२१ – पॅट्रिक कँटले
२०२२ – रोरी मॅकिलरॉय
२०२३ – व्हिक्टर होव्हलंड
२०२४ – स्कॉटी शेफलर
२०२५ – टॉमी फ्लीटवूड

टायगर वूड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांनी ही स्पर्धा प्रत्येकी तीन वेळा, तर फिल मिकेलसनने दोन वेळा जिंकली आहे.